कॉलनीच्या बागेची कामवही, 2025

मराठवाड्यातलं महापालिकेचं शहर. बाग पाऊण एकराची, काळ्या मातीतली, चारी बाजूंनी घरं. महापालिकेत सालभर नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. त्यामुळे "भाऊंना फोन लावा" हा नेहमीचा रस्ता बंद. कोणाला आपल्या भागातल्या बागेचं काम अंगावर घ्यायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून वही जशी लिहिली तशी देत आहे. शुद्धलेखन तेवढं सुधारलं आहे.

9 फेब्रुवारी, रविवार

बागेत बैठक. हास्यक्लबची मंडळी, लहान लेकरांच्या आया, क्रिकेटवाली पोरं, फाटकाजवळच्या घरांतले दोघे. निम्मा वेळ फाटक किती वाजता उघडायचं यावरच गेला. फिरणाऱ्यांना पहाटे पाच हवेत, फाटकाजवळच्यांना सहाच्या आधी कुलपाचा आवाज नको. ठरलं काहीच नाही.

कामाची गोष्ट मिस्त्रीमामांनी केली. आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस. म्हणाले, "बोलत काय बसलात, टेप आणा." मग मोजलं. चालायचा ट्रॅक 190 मीटर, त्यातला खचलेला आणि फुगलेला 62 मीटर, चार तुकड्यांत. दिवे 11, लागतात 3. झोके दोन, एकाची साखळी तुटलेली. ओपन जिमची सहा यंत्रं, दोघांचं बेअरिंग गेलेलं. कारंजं कोरडं. बोअर "आटलेला", असं सगळेच म्हणाले, म्हणून तसं लिहिलं.

13 फेब्रुवारी, गुरुवार

झोन कार्यालयात गेलो. सोबत चौदा मुद्द्यांचं एकच निवेदन, खाली भरपूर सह्या. आवक शिक्का मिळाला, चहाही मिळाला. काम मात्र तिथंच संपल्यासारखं वाटलं. लिपिकांनी मोकळेपणाने सांगितलं की या एका कागदाच्या प्रती आता सात ठिकाणी जाणार आणि सातही ठिकाणी तो "दुसऱ्या विभागाशी संबंधित" ठरणार.

कोणती गोष्ट कोणाकडे, ते त्यांच्याकडूनच उतरवून घेतलं. खेळणी आणि हिरवळ उद्यान विभागाकडे. ट्रॅक आणि भिंत झोनच्या कनिष्ठ अभियंत्याकडे, म्हणजे जेईंकडे. दिवे आणि पंपाची वीज विद्युत विभागाकडे. झाडांची छाटणी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीनं. पाला घनकचऱ्याकडे, डास मलेरिया विभागाकडे. बोअर पाणीपुरवठ्याचा की विद्युतचा, यावर खुद्द कार्यालयातच दोन मतं होती.

निघताना उद्यान विभागाचे साहेब भेटले. "सह्या कमी आणा, विषय एक आणा, आणि माप लिहा," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षभरात हाच सल्ला सगळ्यात जास्त कामाला आला. "ट्रॅक खराब आहे" या वाक्याचं अंदाजपत्रक होत नाही. "62 मीटर लांब, दीड मीटर रुंद" याचं होतं.

27 फेब्रुवारी

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण 150 शब्दांत बसवायचा असतो. पहिला मसुदा तीन पानी झाला होता, शेजारच्या वकील ताईंनी कात्री लावली. विचारलं एवढंच: बाग महापालिकेकडे हस्तांतरित झाल्याचा कागद, देखभालीचा कार्यादेश (वर्क ऑर्डर), आणि खेळणी व जिमच्या खरेदीचा कार्यादेश.

हस्तांतरणाचा प्रश्न आधी सोडवा. पुष्कळ कॉलन्यांत बाग म्हणून वापरली जाणारी जागा कागदावर लेआउटमधली "ओपन स्पेस" असते आणि महापालिकेकडे कधी गेलेलीच नसते. मग तिथं सरकारी पैसा खर्च करता येत नाही आणि अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ उरत नाही. आमच्या शेजारच्या कॉलनीचं घोडं नेमकं इथंच अडलं आहे.

5 मार्च

पानगळ जोरात. सफाईवाल्या मावशी पाला कोपऱ्यात जाळत होत्या. धूर थेट दम्याच्या पेशंटच्या खिडकीत, त्यावरून भांडण. घनकचरा नियमांप्रमाणे पाला उघड्यावर जाळायला बंदी आहे. पण मावशींना ते सांगून काय उपयोग? पाला उचलायला गाडी येत नाही आणि मुकादम रोज स्वच्छ बाग बघायला येतो.

चेनलिंक जाळीचे दोन गोल पिंजरे उभे केले, चार फूट उंच, तीन फूट व्यासाचे. जाळी, तार आणि खुंट्या मिळून 2,150 रुपये. पाला भरला, वर शेणकाला ओतला.

16 मार्च, रविवार

पिंजरे जसेच्या तसे. पाला कोरडा ठणठणीत, कुजायचं नावच नाही. आत ओल टिकायला हवी आणि बागेत पाणी नाही. नळाला पाणी येतं ते घरच्या पिण्याला पुरत नाही, पाल्यावर कोण टाकणार? टँकरची भाषा सुरू झाली.

तेव्हा वायरमन काका (वीज खात्यातून निवृत्त) म्हणाले, "बोअर आटला हे कोणी बघितलंय का?" कोणीच नाही. केसिंगचं झाकण काढलं, दोरीला दगड बांधून सोडला. साधारण नव्वद फुटांवर दोरी ओली. पंप दोनशे फुटांवर आहे, म्हणजे वर भरपूर पाणी. स्टार्टरची पेटी उघडली तर मीटरची जागा रिकामी, दोन वायरी चिकटपट्टी लावून सोडलेल्या.

बोअरला पाणी होतं. मीटरच काढून नेलेलं होतं. बाग वाळली आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की बोअर आटला. अर्ध्या तासाचं आणि फुकटातलं हे काम करायला आमच्या कॉलनीला दोन उन्हाळे लागले.

18 मार्च

वीज कार्यालयात चौकशी. बिल झोन कार्यालयाच्या जुन्या पत्त्यावर जात होतं. कार्यालय दुसऱ्या इमारतीत गेलं, बिलं जुन्या दारात पडत राहिली. थकबाकी 11,740 रुपये. जोडणी कायमची तोडलेली, तिकडच्या बोलीत "पीडी". याचा अर्थ थकबाकी भरून जुनं मीटर परत मिळत नाही. नवीन जोडणीचा अर्ज, कोटेशन, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, सगळं पहिल्यापासून.

20 मार्च

लोकशाही दिनासाठी, म्हणजे आयुक्त समोरासमोर तक्रारी ऐकतात त्या दिवसासाठी, अर्ज दिला. महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत. विषय एकच: बागेच्या पंपाची वीजजोडणी. दिवे, झोके, ट्रॅक यातलं काहीच नाही. यावर गटात नाराजी झाली. "साहेब समोर असताना सगळंच सांगून टाकू" असा आग्रह होता, तो मोडून काढला.

25 मार्च

माहिती अधिकाराचं उत्तर मुदतीत आलं. बाग हस्तांतरित आहे, जीव भांड्यात पडला. जिम आणि झोके एका माजी नगरसेवकांच्या निधीतून घेतलेले, दोष दायित्वाची मुदत एक वर्ष, ती कधीच उलटून गेली. मुदतीत तक्रार केली असती तर बेअरिंग पुरवठादाराने फुकट बदलून दिलं असतं. नवीन खेळणी लागली की फलकाचा फोटो सगळेच काढतात. कार्यादेशाची तारीखही टिपून ठेवा.

देखभालीचा कार्यादेश वाचण्यासारखा आहे. सात बागांना मिळून चार माणसं. त्यांच्याकडे झाडलोट, पाणी घालणं आणि गवत कापणं. यंत्र कंत्राटदाराचं. यंत्राचं पेट्रोल कोणाचं, हे कुठंच लिहिलेलं नाही. आपल्या बागेतलं गवत गुडघ्याएवढं का, हे कोडं इथं सुटलं. मावशींवर खेकसणाऱ्या मंडळींना हे पान वाचायला दिलं.

7 एप्रिल, सोमवार

लोकशाही दिन. आमचा नंबर दुपारी लागला. आयुक्तांनी विचारलं, "थकबाकी किती?" आकडा तोंडपाठ होता. "कोणाच्या नावावर?" बिलाची प्रत पुढे केली. त्यांनी विद्युत विभागाच्या उपअभियंत्यांना तिथल्या तिथं विचारलं आणि त्यांनाही सबब सांगायला जागा उरली नाही, कारण रक्कम त्यांच्या अधिकारातली होती. आमच्या आधीच्या गृहस्थांनी रस्ता, गटार, कुत्री आणि पाणी असे चारही विषय काढले. त्यांना "संबंधित विभागांना कळवतो" हे उत्तर मिळालं.

29 एप्रिल

जेई साहेब ट्रॅक बघायला आले. तरुण माणूस आहे, हाताखाली अख्खा झोन. अंदाजपत्रक आधीच करून आणलं होतं: जुने ब्लॉक काढणे, वाळू पसरणे, तेच ब्लॉक परत बसवणे, भिंतीला रंग.

मिस्त्रीमामांनी पहार मागवली आणि खचलेल्या जागी एक ब्लॉक उचलला. खाली बोटभर वाळू, तिच्याखाली थेट काळी माती. ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. वरून कितीही सुबक बसवा, पुढच्या वैशाखात ब्लॉक पुन्हा वरखाली होणार. मामांचं म्हणणं, फूटभर माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून दोन थरांत दाबा, मग वाळू आणि ब्लॉक. कडेला कर्ब (ब्लॉक अडवणारी पक्की कड) हवाच, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात.

जेईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणाले, "मामा, मला कळतंय. पण माझी मर्यादा ठरलेली आहे, मुरूम घातला की आकडा वर जातो." मग बाकावर बसून काय कमी करता येईल ते बघितलं. भिंतीचा रंग काढून टाकला. चांगल्या भागातले ब्लॉक बदलायचे होते, तेही वगळले. मुरूम आणि कर्ब मर्यादेत बसले. रंग गेल्यामुळे हास्यक्लबवाले अजून रुसलेले आहेत, कारण रंगवलेली भिंत दिसते आणि मुरूम दिसत नाही.

ट्रॅकला लागून असलेल्या गुलमोहराभोवती बुंध्यापर्यंत ब्लॉक लावलेले होते. हरित लवादाने 2013 साली दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायचा आदेश दिला होता, तो दाखवला. जेई म्हणाले, आदेशाची गरज नाही, तेवढेच ब्लॉक वाचतात.

5 मे, सोमवार

पंप सुरू. आधी गढूळ, मग लालसर, तासाभरानं स्वच्छ. जोडणीचा आणि थकबाकीचा खर्च महापालिकेचा. स्टार्टर आणि मीटरपासूनची केबल मात्र जळकी निघाली. विभागाकडून यायला महिना गेला असता, म्हणून वर्गणीतून आणली, 6,350 रुपये. यावर गटात फूट पडायची वेळ आली होती. एका बाजूचं म्हणणं, कर भरतो मग केबल आपण का घ्यायची? दुसऱ्या बाजूचं, झाडं पावसाळ्यापर्यंत थांबणार नाहीत. दोन्ही खरंच आहे. शेवटी केबल घेतली आणि "तातडीची बाब म्हणून नागरिकांनी बसवली, महापालिकेच्या साठा नोंदवहीत घ्यावी" असं पत्र देऊन पोच घेतली. पत्राशिवाय सरकारी पेटीत हात घालू नका. उद्या शॉक लागला तर तुमच्यावर येईल.

संध्याकाळी पाल्याच्या पिंजऱ्यांना पहिल्यांदा पोटभर पाणी.

19 मे

ट्रॅकचं खोदकाम झालं, चर उघडे, आणि पाऊस! मे महिन्यात असा पाऊस कोणाच्या हिशेबात नव्हता. चरांत गुडघाभर पाणी, काळ्या मातीचा चिखल, मुरमाचं टिप्पर फाटकातून आत येईना. लेकरं पडतील म्हणून दोरी बांधली. गटावर "आधीचा ट्रॅक बरा होता" असे निरोप सुरू. जेईंना फोन करून काही उपयोग नव्हता, ढगांना कार्यादेश देता येत नाही.

ओल्या चरात मुरूम टाकून घ्यायची ठेकेदाराला घाई होती. मामा चराच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले आणि टाकू दिला नाही.

11 जून

मधल्या उघडिपीत चर वाळले. तळाचा चिखल खरवडून काढावा लागला, मुरूम अंदाजापेक्षा एक टिप्पर जास्त लागला. तो ठेकेदारानं सोसला, कुरकुर करत. पंधरा सेंटिमीटरचा एक थर, पाणी, दाबणी, मग दुसरा. दाबायचं यंत्र अर्ध्यात बंद पडलं तेव्हा उरलेलं धुम्मसनं केलं. ब्लॉक जुनेच, फुटलेले तेवढे नवीन.

याच आठवड्यात फाटकाचा तंटा मिटला. साडेपाच ते दहा आणि चार ते नऊ. किल्ल्या दोन, एक हास्यक्लबकडे, एक फाटकाजवळच्या घरात. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती किल्ली आली, तेव्हापासून आवाज नाही, कुलपाचाही आणि त्यांचाही.

6 जुलै, रविवार

आषाढी, त्यामुळे माणसं कमी. तरी लागवड केली. दरवर्षी रोपं लावली जातात आणि मार्चपर्यंत काड्या उरतात, म्हणून या वेळी संख्या ठरवली ती पाइपच्या लांबीवरून. पाइप पोचतो तिथवर वीस खड्डे. कडुनिंब, करंज, बहावा, बकुळ, कांचन. एका सद्गृहस्थांनी कोनोकार्पसची रोपं गाडीतून आणली होती, भराभर वाढतं म्हणून. गुजरातच्या वनखात्यानं 2023 मध्ये त्याच्या लागवडीला बंदी घातली हे दाखवल्यावर त्यांनी ती परत नेली. त्यांना वाईट वाटलं. पुढच्या रविवारी ते बकुळीचं रोप घेऊन आले.

गुलमोहराच्या वाळक्या फांदीच्या छाटणीचा अर्ज एप्रिलमध्येच दिला होता, परवानगी अजून नाही. फांदीखालचा बाक हलवला.

24 ऑगस्ट

कारंज्याच्या हौदात पावसाचं पाणी साचून अळ्या. मलेरिया विभागानं गप्पी मासे दिले, फुकट. त्याच दिवशी कोणीतरी हौद "स्वच्छ" दिसावा म्हणून त्यात टँकरचं ताजं पाणी सोडलं. सकाळी मासे पालथे. क्लोरीनचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मगच मासे सोडायचे असतात. दुसऱ्या खेपेचे मासे जगले आणि अळ्या संपल्या.

जिमची दोन बेअरिंगं बदलायची तयारी केली, तर उद्यान विभागानं अडवलं: महापालिकेची मालमत्ता आहे, हात लावू नका. मागच्या केबलच्या पत्राची पोच दाखवली. साहेब हसले, ना हरकत पत्र दिलं. बेअरिंग आणि वेल्डिंग 1,400 रुपये. झोक्याच्या साखळीला मात्र परवानगी नाकारली. लेकरू पडलं तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. झोक्यांसाठी वेगळा प्रस्ताव.

28 सप्टेंबर, रविवार

मराठवाड्यात हाहाकार आहे, गावंच्या गावं पाण्यात, शेतं खरवडून गेली. बागेबद्दल लिहायलाही संकोच वाटतो. आठवडाभर कोणी बागेकडे फिरकलं नाही. गटाची शिल्लक आणि घराघरातला शिधा पूरग्रस्त गावाकडे पाठवला.

ट्रॅक बघितला. नवीन 62 मीटर सपाट आहेत. पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र पाणी तुंबतं, कारण कर्ब बसवताना पाणी बाहेर जायचं जुनं भोक बुजलं. जेईंच्या आणि मामांच्या, दोघांच्याही नजरेतून सुटलं. छिन्नीनं कर्बला खाच पाडली. तुम्ही कर्ब घालणार असाल तर पाणी आत्ता कुठून जातं ते पावसाळ्यात आधी बघून ठेवा.

पाल्याचे पिंजरे उघडले. तळाचा निम्मा भाग काळाभोर, मातीचा वास, वरचा अजून पानांच्याच रूपात. तळाचं खत वीस रोपांना पुरलं. वीसपैकी सतरा उभी आहेत. तीन अतिपावसानं कुजली.

9 नोव्हेंबर

झोक्यांच्या जागेची मापं जेई घेऊन गेले. पाये काळ्या मातीतच आहेत, म्हणून इथंही खोल खड्डा आणि मुरूम मागितला. दिवे आता आठ लागतात. उरलेल्या तिघांच्या खांबातली केबल उंदरांनी खाल्ली आहे, विद्युत विभाग म्हणतो पुढच्या अंदाजपत्रकात.

16 डिसेंबर

काल महापालिका निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. झोक्यांचा कार्यादेश सहीवर होता, तो तिथंच थांबला. मतदान 15 जानेवारी, मोजणी 16 ला. दोन इच्छुक उमेदवार बागेत येऊन गेले, दोघांनीही झोके द्यायचं कबूल केलं. त्यांना प्रस्तावाचा आवक क्रमांक लिहून दिला.

वर्गणीतून झालेला खर्च: जाळी 2,150, केबल व स्टार्टर 6,350, बेअरिंग 1,400, रोपांच्या काठ्या, सुतळी आणि शेणखत 1,900, झेरॉक्स, तिकिटं आणि रिक्षा 780. एकूण 12,580 रुपये. गुलमोहराच्या छाटणीची परवानगी गेल्या आठवड्यात आली, पण फांदी सप्टेंबरच्या वाऱ्यातच पडली होती. बाक हलवलेला होता, म्हणून कोणाला लागलं नाही. परवानगीचं पत्र फाइलला लावलं.

शिल्लक कामं: झोके, तीन दिवे, कारंज्याचं काय करायचं ते (मोडून तिथं वाळूचा हौद करावा असं आयांचं म्हणणं), आणि पानगळीच्या आधी आणखी दोन पिंजरे. पुढची बैठक 18 जानेवारी, रविवार, सकाळी आठ.